मोपाहून टोरांटो: अंतराचा आणि वेळेचा हिशेब घरबसल्या कसा करायचा

धाकटी बहीण टोरांटोला राहायला गेली तेव्हा आईने विचारलं, "किती लांब गं ते?" मी फोनवर बघून सांगितलं, १२,८८० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तिचा पुढचा प्रश्न आला, "म्हणजे वेळ किती लागतो?" फोन म्हणत होता, सोळा तासांच्या आत. पुढे आई खरोखरच गेली. गोव्यातल्या साखळी गावच्या घराला कुलूप लावल्यापासून बहिणीच्या घरी पोचेपर्यंत तिला अठ्ठावीस तासांच्या आसपास लागले.

फोन खोटं बोलत नव्हता. त्याने दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घेतलं आणि विमानाच्या वेगाने भागलं. पण गोव्याहून टोरांटोला थेट विमान नाही, त्यामुळे त्या सोळा तासांचा प्रवास कुणीच करत नाही. दूरच्या प्रवासाचे आकडे चार असतात: पृथ्वीच्या पाठीवरचं सरळ अंतर, विमान प्रत्यक्ष ज्या वाटेने जातं ते अंतर, विमान सुटल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा वेळ, आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ. घरच्या माणसाला शेवटचा आकडा हवा असतो, आणि इंटरनेट बहुतेक वेळा पहिला देतं. चारही आकडे कागद-पेन्सिल आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन काढता येतात. मी ते उदाहरणाने दाखवते. तुम्ही टोरांटोच्या जागी मेलबर्न, लंडन, लिस्बन, हवं ते घाला.

आधी ठरवा, गोव्याचा कुठला विमानतळ

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी १९५५ साली पोर्तुगीजांच्या काळात सुरू झाला. त्या वेळची पोर्तुगीज हिंदची विमानसेवा तिथून थांबत थांबत लिस्बनपर्यंत जायची. आज तो नौदलाच्या तळावर आहे. दुसरा पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. तिकिटावर दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स अशी अक्षरं असतात. नुसतं 'गोवा' वाचून निघू नका. ही तीन अक्षरं बघा, आणि परतीच्या तिकिटावरचीही बघा, कारण जाताना एक आणि येताना दुसरा असं होऊ शकतं.

दोन्हींमधलं सरळ अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. टोरांटोच्या हिशेबात ते काहीच नाही. पण काणकोणहून निघणाऱ्या माणसाला मोपा म्हणजे अख्खा गोवा ओलांडणं, आणि पेडण्याच्या माणसाला दाबोळी म्हणजे मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांपलीकडे जाणं.

दोऱ्याने मोजा

कॅल्क्युलेटरच्या आधी हा उपाय करून बघाच. मुलांबरोबर तर नक्की करा. शाळेत असतो तसा पृथ्वीचा गोल घ्या. आईने अबोलीची वेणी गुंफायचा दोरा घेतला होता, तोच चालतो.

आधी दोरा विषुववृत्तावरून एक पूर्ण फेरा फिरवा आणि पट्टीवर मोजा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर हा दोरा साधारण ९४ सेंटिमीटर भरतो. विषुववृत्ताचा खरा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर. भागाकार केला की एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर पडतात. आता दोऱ्याचं एक टोक गोव्यावर दाबा, दुसरं टोरांटोवर, आणि दोरा ताणून धरा. मधे बोट लावू नका. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. तो ३० सेंटिमीटरहून किंचित जास्त भरेल. त्याला ४२५ ने गुणा, पावणेतेरा ते तेरा हजारांच्या दरम्यानचा आकडा येतो.

यात आकड्यापेक्षा दोरा कुठून गेला ते बघण्यात खरी गंमत आहे. भिंतीवरच्या नकाशात टोरांटो आपल्या डावीकडे दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं पश्चिमेला जात असेल. दोरा मात्र जवळजवळ उत्तरेला चढतो: कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशियातला व्होल्गाचा प्रदेश, फिनलंडचा उत्तर भाग, मग आइसलंडच्याही वरून ग्रीनलंड आणि तिथून क्युबेकमार्गे खाली. सगळ्यात वरच्या ठिकाणी ही वाट ७० अंश उत्तर अक्षांशाजवळ पोचते, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही पुढे. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ओढून रुंद करतो, म्हणून त्यावरची सरळ रेघ जवळची वाटते आणि खरी जवळची वाट वाकडी दिसते.

आता कॅल्क्युलेटर

मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये साइन आणि कॉसची बटणं उघडतात. कोन अंशांत आहे ना, रेडियनमध्ये नाही ना, हे आधी तपासा. चुकलेल्या दहा उत्तरांपैकी नऊ इथेच चुकतात असा माझा अनुभव आहे.

नकाशाच्या ॲपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. मोपा: अक्षांश १५.७४ उत्तर, रेखांश ७३.८६ पूर्व. टोरांटोचा पिअरसन विमानतळ: अक्षांश ४३.६८ उत्तर, रेखांश ७९.६३ पश्चिम. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे.

पहिली पायरी, दोन रेखांशांतला फरक. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज होते: ७३.८६ + ७९.६३ = १५३.४९. (बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करा.)

दुसरी पायरी, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२७१३ × ०.६९०६ = ०.१८७४.

तिसरी, दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांच्या फरकाचा कॉस, तिघांचा गुणाकार: ०.९६२५ × ०.७२३२ × (–०.८९४९) = –०.६२२९.

चौथी, दोन्हींची बेरीज: –०.४३५५. याचा इन्व्हर्स कॉस (cos⁻¹ चं बटण) घ्या, ११५.८ अंश येतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा, सुमारे १२,८८० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे अचूक मोजमापात थोडाफार फरक पडतो. प्रवासाच्या हिशेबात तो सोडून द्यावा.

हात बसावा म्हणून मोपापासूनची आणखी काही अंतरं स्वतः काढून बघा: दोहा २,५४०, लंडनचा गॅटविक ७,५४०, लिस्बन ८,३२०, मेलबर्न ९,४८०. दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे झाले तर ठीक. शेकड्यांत फरक आला तर उणे चिन्ह तपासा.

थांबा घेतला की अंतर किती वाढतं

इथे मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. मोपा ते दिल्ली सुमारे १,४६० किलोमीटर, दिल्ली ते टोरांटो ११,६४०. बेरीज १३,१००. म्हणजे दिल्लीला जाऊन विमान बदललं तरी कागदावर फक्त २२० किलोमीटर वाढतात, कारण दिल्ली जवळजवळ वाटेतच आहे. दोहामार्गे बेरीज १३,४२० होते, म्हणजे ५४० किलोमीटर जास्त. एवढ्या लांबच्या प्रवासात हे पाऊण तासाच्या आतलं आहे. म्हणून नकाशावर 'वाकडी वाट' दिसते म्हणून एखादं तिकीट नाकारू नका. बेरीज करा आणि मग ठरवा.

पण ही झाली कागदावरची वाट. आकाशातही हद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागू लागला. त्या काळात उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. आखातातून टोरांटोला जाणाऱ्या विमानाच्या वाटेत पाकिस्तान येतच नाही. म्हणजे कागदावर दिल्लीचा जो फायदा दिसतो, तो अशा वेळी उरत नाही. रशियाचंही तसंच. २०२२ पासून युरोप आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. एकाच दोन शहरांमधल्या दोन कंपन्यांच्या उड्डाणांत तास-दीड तासाचा फरक दिसला तर आधी विमान कुठल्या देशाचं आहे ते बघा.

खरी वाट बघायची असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्या उड्डाणाच्या मागच्या आठवड्यातल्या वाटा बघा. सात दिवसांच्या सात वाटा सहसा एकावर एक बसत नाहीत.

किलोमीटरचे तास करणं

लांब पल्ल्याचं मोठं विमान अकरा किलोमीटरच्या आसपास उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नाही. आणि ती हवा स्वतः वाहत असते. आपल्यापेक्षा बरंच उत्तरेकडे, एवढ्या उंचीवर, वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि हिवाळ्यात ते जोर धरतात. म्हणून पश्चिमेला जाताना वारा तोंडावर, परत येताना पाठीवर. दोन्ही वेळा अंतर तेच, वेळ वेगळा.

मी हिशेबात वाऱ्याचे सरासरी ५० किलोमीटर धरते. जाताना ९०० मधून वजा, ८५०. येताना मिळवून ९५०. वर धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यासाठी लांबच्या विमानाला ४० मिनिटं.

दिल्ली ते टोरांटो: ११,६४० भागिले ८५० म्हणजे १३ तास ४२ मिनिटं, त्यात ४० मिळवली की साधारण १४ तास २० मिनिटं. परत येताना ११,६४० भागिले ९५०, म्हणजे १२ तास १५ मिनिटं, अधिक ४०, साधारण १२ तास ५५ मिनिटं. येताना जवळजवळ दीड तास वाचतो. तिकिटावर याहून अर्धा-पाऊण तास जास्त दिसला तर गोंधळू नका. वळशाचा आणि विमानतळावरच्या गर्दीचा वेळ कंपन्या आधीच धरून ठेवतात, आणि वळसा मोठा असेल तर याहूनही जास्त. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नाही.

गोवा ते दिल्लीसारख्या छोट्या पल्ल्याला हे सूत्र नीट बसत नाही, कारण विमान वेग धरेपर्यंत उतरायची वेळ जवळ येते. तिथे सरळ तिकिटावरचा वेळ घ्या, साधारण २ तास ४० मिनिटं धरा.

घड्याळाचा गुंता

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाचा असतो. यात भलेभले फसतात. दिल्लीहून रात्री २ वाजता सुटलेलं विमान टोरांटोला पहाटे ५.५० ला उतरतं असं छापलेलं असलं की आपण मनात म्हणतो, चार तासांत पोचलं की!

टोरांटो हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ. भारत घड्याळ बदलत नाही, पण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणजे आपल्याकडे शिगमोची, गोव्याच्या शिमग्याची, तयारी चाललेली असते त्याच सुमारास फरक बदलतो, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो साडेनऊच असतो. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडनचा फरक जुना आणि टोरांटोचा नवा अशी स्थिती असते. तिथे फोन करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

पद्धत एकच: सगळं आधी भारतीय वेळेत मोजा, शेवटी एकदाच बदला. रात्री २ अधिक १४ तास २० मिनिटं म्हणजे भारतीय वेळेने संध्याकाळचे ४.२०. त्यातून साडेदहा तास वजा, पहाटेचे ५.५०. तोंडी करायचं तर दीड तास मिळवा आणि सकाळ-संध्याकाळ उलटवा: ४.२० चे ५.५०, संध्याकाळची पहाट. उन्हाळ्यात दीडऐवजी अडीच तास मिळवा. आईला मी हेच शिकवलं, आणि ती आता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बहीण उठली असेल की नाही ते सांगते.

घरापासून घरापर्यंत

आता खरा हिशेब. वेळा नमुन्यादाखल घेतल्या आहेत, तुमच्या तिकिटाच्या घाला. मोठ्या उड्डाणापासून सुरुवात करून मागे मागे यायचं.

दिल्लीचं विमान रात्री २ वाजता. दिल्लीत हातात पाच तास हवेत, म्हणजे गोव्याचं विमान रात्री ९ ला उतरलं पाहिजे. ते २ तास ४० मिनिटांचं, म्हणजे मोपाहून संध्याकाळी ६.२० ला सुटणारं. दोन तास आधी मोपाला, म्हणजे ४.२०. साखळीहून मोपाला सव्वा तास धरा, घरातून निघायचं दुपारी ३.०५ ला. पुढे टोरांटोला इमिग्रेशन आणि सामान दीड तास, तिथून घर एक तास.

बेरीज: १.१५ + २.०० + २.४० + ५.०० + १४.२० + १.३० + १.००. उत्तर २७ तास ४५ मिनिटं.

ताळा पाहा. दुपारी ३.०५ मध्ये २७ तास ४५ मिनिटं मिळवले की दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेने संध्याकाळचे ६.५०. साडेदहा तास वजा, सकाळचे ८.२०. दुसऱ्या बाजूने: विमान ५.५० ला उतरलं, अधिक अडीच तास, ८.२०. जुळलं. जुळलं नाही तर कुठेतरी वेळ दोनदा बदलला गेला आहे.

दिल्लीतले पाच तास बघून नाक मुरडू नका. माझा भाऊ हेच पाच तास तीनवर आणायला गेला होता. त्याने गोवा-दिल्ली आणि दिल्ली-टोरांटो अशी दोन वेगळी तिकिटं स्वस्तात काढली. गोव्याचं विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, आणि दोन्ही तिकिटं वेगळी असल्यामुळे पुढच्या कंपनीने त्याची जबाबदारी घेतली नाही. नव्या तिकिटाला वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर उशीर झाल्यावर पुढच्या विमानात बसवणं कंपनीवर येतं आणि सामानही सहसा थेट शेवटपर्यंत जातं. एकाच तिकिटावर तीन तासही चालतील. वेगळ्या तिकिटांवर पाच तासही मला कमी वाटतात. तेव्हा आदल्या दिवशी दिल्ली गाठावी.

शिवाय दिल्लीत आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल तीनवरून सुटतात. गोव्याचं विमान टर्मिनल एकवर उतरलं तर मधे बसने जावं लागतं. परदेशाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. आखातामार्गे गेलात तर भारताचं इमिग्रेशन गोव्यातच उरकतं, दिल्लीमार्गे गेलात तर दिल्लीत. वयस्कर माणसाला एकटं पाठवायचं असेल तर मी पहिला पर्याय घेईन: रांगेत उभं राहायचं ते गोव्यात, जिथे बाहेर आपण उभे असतो. युरोपमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर नुसतं विमान बदलण्यासाठीही तिथे व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

परतीचा प्रवास आणि तारीख

जाताना तारीख जवळजवळ हलत नाही, येताना दिवस गिळला जातो. टोरांटोहून १० तारखेला रात्री १० ला निघालात. १२ तास ५५ मिनिटांनी टोरांटोत ११ तारखेचे सकाळचे १०.५५ वाजलेले असतील. साडेदहा तास मिळवा, दिल्लीत ११ ची रात्र, ९.२५. उन्हाळ्यात ८.२५. भारतात पहिल्या उतरायच्या विमानतळावर कस्टम असतं, तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्या रात्री गोव्याचं विमान मिळालं नाही तर सकाळचं, म्हणजे घरी १२ तारीख. चवथीच्या दिवशी घरी हजर राहायचं असेल तर चवथीच्या दोन दिवस आधी नव्हे, निदान तीन दिवस आधी टोरांटो सोडा. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची सजावट, बांधायला हात हवे असतील तर चार.

राहिली औषधं. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे घेतल्या तर साडेदहा तासांच्या फरकात एखादी गोळी दोनदा जाते किंवा चुकते. निघण्याआधी डॉक्टरांकडून अठ्ठावीस तासांचं वेळापत्रक लिहून घ्या आणि ते भारतीय वेळेत लिहा. आईच्या मनगटावर आम्ही जुनं घड्याळ गोव्याच्या वेळेवर तसंच ठेवलं होतं आणि चिठ्ठी पर्समध्ये. टोरांटोत पोचल्यावर पहिले तीन दिवस तिने ते काढलं नाही.